मॅडिसन आणि आसपासचा निसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलं, इथे घर घेतलेली कुटुंबं आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणारे आई-वडील सतत जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, नियम-अपवादांचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विस्कॉन्सिन म्हणजे मक्याची शेतं आणि गाईंचे गोठे. मॅडिसनच्या आसपास बघण्यासारखं खरंच काही आहे का?

भरपूर आहे. मात्र इथे विमानातून उतरल्या उतरल्या समोर हिमशिखर उभं राहत नाही. इथला निसर्ग सौम्य आहे, आणि तो कसा घडला हे कळलं की तो जास्त दिसू लागतो.

मॅडिसनचा मध्यभाग दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसला आहे. वायव्येला मेंडोटा, आग्नेयेला मोनोना आणि मधल्या उंचवट्यावर कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, पांढरा घुमट. घुमटापासून कुठल्याही बाजूला चालत निघा, थोड्या वेळात पाणी लागतं. शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर अरुंद दऱ्या आणि वळणांचे रस्ते सुरू होतात. वायव्येला तासाभरावर डेव्हिल्स लेकचे कडे आहेत. ईशान्येला साधारण तेवढ्याच अंतरावर होरिकॉनची अफाट दलदल आहे. उरलेल्या जागी गवताळ माळ, ओकची झाडं आणि शेतं.

एवढ्या थोड्या अंतरात इतकी वेगवेगळी भूमी का, याचं उत्तर एकच : हिमयुगातला बर्फ इथपर्यंत आला आणि इथेच थांबला. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, म्हणून पुढचा प्रश्न वगळू नका.

२. बर्फ इथे थांबला म्हणजे नेमकं कुठे? आणि ते आज कळतं कसं?

साधारण २० हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या प्रचंड हिमस्तराचा एक फाटा आजच्या मॅडिसनवरून सरकत गेला. त्याची कड शहराच्या पश्चिमेला क्रॉस प्लेन्स आणि व्हेरोना या गावांच्या आसपास स्थिरावली. आज या भागात नोकरीसाठी येणारे हजारो लोक रोज ही जुनी कड ओलांडतात, पण फार थोड्यांना ती माहीत असते.

पूर्वेच्या बाजूला बर्फाने जमीन घासून टाकली. तिथे तळी आहेत, दलदली आहेत, एकाच दिशेला लांबट पसरलेल्या गुळगुळीत टेकड्या आहेत (भूगोलात त्यांना ड्रमलिन म्हणतात). शेताच्या कडेला कुठूनही न जुळणारे मोठाले गोटे दिसतात. ते उत्तरेकडून बर्फाबरोबर आले. पश्चिमेच्या बाजूला बर्फ पोचलाच नाही. त्या प्रदेशाला ड्रिफ्टलेस म्हणतात आणि तो मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉयपर्यंत पसरला आहे. तिथे लाखो वर्षं ओढ्यांनी जमीन कोरली, ती तशीच राहिली. म्हणून तिथे दऱ्या खोल आहेत, वालुकाश्माचे सुळके आहेत, थंड झऱ्यांचे ओढे आहेत, पण नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीत. गव्हर्नर डॉज पार्कातली दोन्ही तळी बांध घालून केलेली आहेत, ती याच कारणाने.

हे स्वतः पाहायचं असेल तर मिडलटनहून हायवे १४ ने क्रॉस प्लेन्स, ब्लॅक अर्थ, मॅझोमेनी असे जा. तळ्यांचा मोकळा प्रदेश मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना टेकड्या जवळ येतात. शेजारून ब्लॅक अर्थ क्रीक वाहते; ट्राउट मासे पकडणारे तिच्यासाठी लांबून येतात. पायी पाहायचं असेल तर आइस एज ट्रेल आहे. सुमारे १,२०० मैलांची ही वाट राज्यभर या बर्फाच्या कडेकडेने जाते आणि तिचे तुकडे व्हेरोना, क्रॉस प्लेन्स आणि डेव्हिल्स लेक इथे आहेत. झाडांवरचे पिवळे पट्टे बघत चालायचं. तासाभराचा तुकडाही पुरेसा आहे.

३. तळी किती आहेत आणि कुठल्या तळ्याकाठी जावं?

मुख्य पाच : मेंडोटा, मोनोना, विंग्रा, वॉबेसा आणि केगॉन्सा. विंग्रा सोडून बाकीची चार याहारा नदीच्या माळेत आहेत. नदी उत्तरेच्या चेरोकी दलदलीतून मेंडोटात येते, तिथून मोनोना, वॉबेसा, केगॉन्सा असा प्रवास करत रॉक नदीला आणि शेवटी मिसिसिपीला मिळते. या प्रदेशाला इथले मूलनिवासी हो-चंक लोक तेजोप म्हणतात, म्हणजे चार तळी.

मेंडोटा सर्वांत मोठं, सुमारे ४० चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल, २५ मीटर. सूर्यास्त पाहायचा तर विद्यापीठाच्या मेमोरियल युनियनमागच्या टेरेसवर बसा. गर्दी नको असेल तर पिकनिक पॉइंटला जा. मेंडोटात शिरलेलं हे चिंचोळं भूशिर आहे. रुंद, सपाट वाटेने मैलभर चालत टोकाला गेलं की पाण्यापलीकडे अख्खं शहर दिसतं. माझ्या मते मॅडिसनमधली सर्वांत सुंदर जागा हीच. मोनोनाच्या काठाने सायकलची वाट आहे. विंग्रा लहान आणि शांत आहे, नव्यानेच वल्हं हातात घेणाऱ्यांसाठी तेच बरं.

मेंडोटाला विज्ञानाच्या इतिहासातही मान आहे. एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी ज्युडे यांनी इथे केलेल्या अभ्यासातून अमेरिकेत सरोवरशास्त्राचा पाया घातला गेला. जगात सर्वाधिक अभ्यासलेल्या तळ्यांमध्ये मेंडोटाची गणना होते. याच तळ्याच्या तळातून २०२१ मध्ये सुमारे १,२०० वर्षांपूर्वीची आणि २०२२ मध्ये सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची, एकाच ओंडक्यात कोरलेली होडी वर काढण्यात आली. तळ्याकाठी उभं राहताना हे आठवावं. इथे माणसाचा वावर आपल्याला वाटतो त्याहून फार जुना आहे.

४. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी हिरवं होतं आणि वास येतो. त्यात पोहता येतं का? नळाला हेच पाणी येतं का?

नळाचं पाणी तळ्याचं नाही. मॅडिसनला खोल विहिरींतून भूजल पुरवलं जातं, तेव्हा ती काळजी नको.

हिरवा थर मात्र गांभीर्याने घ्या. हे नीलहरित शेवाळ, खरं तर सायनोबॅक्टेरिया. याहाराच्या पाणलोटात शेती आणि दुभत्या जनावरांचे मोठे गोठे आहेत. शेणखत आणि माती पावसाबरोबर वाहून येते, त्यातला फॉस्फरस तळ्यात साठतो आणि ऊन तापलं की शेवाळ फोफावतं. भर म्हणून २००९ मध्ये मेंडोटात काटेरी पाणपिसू हा परका जीव सापडला; शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवणारे बारीक जीव तो फस्त करतो. तळ्यातला फॉस्फरस कमी करण्याचे प्रयत्न अनेक वर्षं चालू आहेत, पण दशकानुदशकं जमिनीत मुरलेलं खत एका पिढीत निघून जात नाही.

व्यवहारात इतकंच करा : उन्हाळ्यात पोहण्याच्या किनाऱ्यांचं पाणी आरोग्य विभाग तपासतो आणि किनारा बंद असेल तर फलक लावतो. फलक नसला तरी पाणी हिरव्या पेंटसारखं दाट दिसलं तर उतरू नका. लहान मुलं पाणी गिळतात आणि कुत्री अंग चाटतात, त्यांना सर्वाधिक धोका असतो. स्वच्छ दिवशी पोहायला काहीच हरकत नाही.

५. तळं खरंच गोठतं? त्यावर चालणं सुरक्षित आहे का?

गोठतं. साधारणपणे मेंडोटा डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत गोठतं आणि मार्च-एप्रिलमध्ये मोकळं होतं. या तारखांची नोंद १८५० च्या दशकापासून ठेवली जाते. पिकनिक पॉइंट ते मेपल ब्लफ अशी होडी वल्हवत नेता येते की नाही, ही तळं गोठल्याची जुनी कसोटी. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फ १६१ दिवस टिकला होता, २००१-०२ मध्ये फक्त २१ दिवस. दीडशे वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर बर्फाचा काळ सरासरीने महिनाभर कमी झाला आहे. हवामान बदलतंय का, असं कुणी विचारलं की मी ही वही पुढे करतो.

चालण्याबद्दल : पूर्ण सुरक्षित असा बर्फ नसतो आणि कुठलंही सरकारी खातं तुम्हाला तशी हमी देत नाही. पायी जायला निदान ४ इंच जाडीचा, पारदर्शक, घट्ट बर्फ लागतो. पांढरा, बर्फ पडून चिकटलेला थर त्याहून कमजोर असतो. नदी तळ्यात शिरते त्या जागी, पुलांखाली आणि झऱ्यांजवळ बर्फ पातळ राहतो. तिथे जाऊच नका. दुसरे लोक चालताना दिसले म्हणून आपण निघावं, हा हिशेब चुकीचा. पहिल्यांदा जाणार असाल तर जाणत्या माणसाबरोबर जा, जानेवारीच्या शेवटाकडे, आणि एकटे कधीच नको. कडाक्याच्या थंडीत बर्फ आकुंचन-प्रसरण पावताना तळ्यातून मोठे घुमणारे आवाज येतात. तो बर्फ फुटल्याचा इशारा असतोच असं नाही, पण पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतो.

६. आई-बाबा भारतातून येणार आहेत. कुठला महिना चांगला?

एकच महिना निवडायचा तर मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. डास कमी झालेले असतात, हवा कोरडी असते, दिवसा स्वेटर पुरतो आणि शेवटी पानांचे रंग मिळतात (प्रश्न १२). दुसरी पसंती मे महिन्याचा मध्य : लायलॅकला बहर, क्रॅब अॅपलची झाडं फुललेली, आणि उत्तरेकडे निघालेले चिमणीएवढे रंगीत वॉर्बलर पक्षी झाडाझाडांवर. जून-जुलैत दिवस फार मोठा असतो. सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो आणि संध्याकाळी गवतात काजवे चमकतात. पण दमट उकाडा आणि वादळंही याच दिवसांत. वादळाचा भोंगा वाजला तर तळघरात जायचं, हे आई-बाबांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

एप्रिल मात्र टाळा. कॅलेंडरवर वसंत असतो, बाहेर चिखल आणि वारा.

७. आईचे गुडघे दुखतात. चढ नको, पण निसर्ग हवा. कुठे न्यावं?

विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये. प्रवेश मोफत आहे, आतून रस्ता जातो आणि लॉन्गनेकर बागेत सपाट हिरवळीवर लायलॅक, मॅग्नोलिया, क्रॅब अॅपल यांचे मोठे संग्रह आहेत. मदर्स डेच्या आसपास तिथला वास आयुष्यभर लक्षात राहील असा असतो.

मिडलटनच्या फेझंट ब्रँच कॉन्झर्व्हन्सीत झरे आहेत. स्वच्छ पाण्याखाली वाळू सतत उकळल्यासारखी हलताना दिसते, कारण जमिनीखालून पाणी वर येत असतं. झऱ्यापर्यंतची वाट सोपी आहे. टेकडीवरची वाट चढाची आहे, ती सोडली तरी चालेल. डॉजव्हिलजवळच्या गव्हर्नर डॉज पार्कात स्टीफन्स फॉल्स हा छोटा धबधबा थोडंसं चालून वरून पाहता येतो. पिकनिक पॉइंट सपाट आहे आणि वाटेत बाकं आहेत, पण जाऊन-येऊन दोन मैल होतात, ते आधी सांगा.

८. डेव्हिल्स लेकला जायचं आहे. सगळं नीट सांगा.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

बराबू गावाजवळचं हे राज्यातलं सर्वाधिक गर्दीचं स्टेट पार्क आहे, स्थापना १९११. मॅडिसनपासून साधारण तासाभराची वाट. जाताना हायवे ११३ घ्या. मेरिमॅकला विस्कॉन्सिन नदी गाडीसकट फेरीबोटीने ओलांडावी लागते. ही बोट मोफत आहे आणि मुलांना पार्काइतकीच आवडते. नदी गोठते तेव्हा ती बंद असते.

तळ्याच्या दोन बाजूंना सुमारे ५०० फूट उंचीचे जांभळट-गुलाबी कडे आहेत. हा दगड क्वार्टझाइट, वय सुमारे १७० कोटी वर्षं. समुद्रकाठची वाळू दाबून, तापून इतकी घट्ट झाली की हातोडीलाही सहज दाद देत नाही. काही शिळांवर तेव्हाच्या लाटांनी वाळूत उमटवलेल्या रेषा अजून बोटांना लागतात. त्या शोधा. माझ्या दृष्टीने अख्ख्या पार्कात त्याहून विलक्षण काही नाही. पूर्वी या कड्यांमधून नदी वाहत असे. हिमयुगात बर्फाच्या कडेने वाहून आणलेल्या दगडमातीच्या राशींनी, म्हणजे हिमोढांनी, दरीची दोन्ही तोंडं बुजवली आणि मधे पाणी साठून तळं झालं.

कुठून चढायचं? फोटोत दिसणारे बॅलन्स्ड रॉक आणि डेव्हिल्स डोअरवे पूर्व कड्यावर, दक्षिण बाजूला आहेत. बॅलन्स्ड रॉक ट्रेल थेट शिळांच्या पायऱ्यांवरून चढते. छोटी आहे पण दमवते, आणि कठडा नाही. लहान मुलं किंवा चढायची सवय नसलेली माणसं बरोबर असतील तर उत्तर किनाऱ्याकडून ईस्ट ब्लफ ट्रेलने जा, चढ त्यामानाने बेताचा आहे. चढायचंच नसेल तर पश्चिम काठाची टम्बल्ड रॉक्स ट्रेल पाण्याच्या कडेने मोठ्या दरडींमधून जाते. पाऊस पडून गेल्यावर हा दगड भयंकर निसरडा होतो. चपला घालून येणारे खूप दिसतात. कृपया बूट घाला.

उन्हाळ्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. गाडीला स्टेट पार्कचं स्टिकर लागतं, दिवसाचं किंवा वर्षाचं. दुसऱ्या राज्याच्या नंबरप्लेटला जास्त पैसे पडतात. वर्षातून चार-पाच वेळा कुठल्याही स्टेट पार्कात जाणार असाल तर वार्षिकच घ्या. किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. टिंबर रॅटलस्नेक हा विषारी साप या डोंगरांत आहे, क्वचितच दिसतो. दगडांच्या कपारीत न पाहता हात घालू नका एवढं पथ्य पुरे.

जवळच पार्फ्रीज ग्लेन ही अरुंद, शेवाळलेल्या भिंतींची घळ आहे. १९५२ मध्ये राज्याचं पहिलं संरक्षित नैसर्गिक क्षेत्र म्हणून तिची निवड झाली. तिथे कुत्र्यांना मनाई आहे.

९. सह्याद्रीची सवय आहे. इथे तसं काही मिळेल का?

उंची आणि धबधबे नाही मिळणार. दक्षिण विस्कॉन्सिनमधला सर्वांत उंच माथा ब्लू माउंड, १,७१९ फूट म्हणजे सुमारे ५२४ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. पण दगडाच्या वयात बाजी उलटते. सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि डेव्हिल्स लेकचा क्वार्टझाइट त्याच्या पंचवीसपट जुना. हाताला कडा लागल्याचं समाधान तिथे मिळतं, गिर्यारोहकही तिथेच जातात.

ब्लू माउंडच्या मनोऱ्यावरून ड्रिफ्टलेसच्या टेकड्यांच्या रांगा दूरवर दिसतात, आणि शेजारी केव्ह ऑफ द माउंड्स ही चुनखडीची गुहा आहे. १९३९ मध्ये खाणीत सुरुंग लावताना ती उघडी पडली. आत बाराही महिने सुमारे १० अंश सेल्सियस असतं, त्यामुळे कडक उन्हाळा आणि कडक हिवाळा दोन्हींत जायला बरी.

१०. प्रेअरी म्हणजे नुसतं गवत ना? त्यात पाहायचं काय? आणि ते जाळतात का?

एप्रिलमध्ये गेलात तर खरंच नुसतं करड्या रंगाचं गवत दिसेल. ऑगस्टमध्ये जा. बिग ब्लूस्टेम हे गवत माणसाच्या डोक्यावर जातं, त्यातून जांभळी ब्लेझिंग स्टार, पिवळी कंपास प्लांट वर येतात आणि सगळीकडे फुलपाखरं असतात. कंपास प्लांटची पानं आपली कड उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात, दुपारचं ऊन सपाट अंगावर पडू नये म्हणून. या झाडोऱ्याचा मोठा भाग जमिनीखाली असतो. काहींची मुळं तीन-चार मीटर खोल जातात. मिडवेस्टची काळी, सुपीक माती याच मुळांनी हजारो वर्षांत तयार केली. त्याच मातीसाठी प्रेअरी नांगरली गेली. विस्कॉन्सिनमधल्या मूळ प्रेअरीचा आज एक टक्काही उरलेला नाही.

म्हणूनच आर्बोरेटममधली कर्टिस प्रेअरी पाहाच. १९३५ पासून, महामंदीच्या काळात, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनेतल्या तरुणांनी आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका जुन्या शेतजमिनीवर प्रेअरीची झाडं पुन्हा लावायला सुरुवात केली. सुमारे ७० एकरांची ही जगातली सर्वांत जुनी पुनर्स्थापित प्रेअरी मानली जाते. हे काम माणसांनी हातांनी केलेलं आहे, म्हणून ते कमी अस्सल ठरत नाही. मला तर ते जास्त मोलाचं वाटतं.

जाळतात, आणि जाळायलाच हवं. हो-चंक आणि इतर मूलनिवासी लोक पिढ्यानपिढ्या हे माळ मुद्दाम पेटवत. आगीने झुडपं आणि रोपटी मरतात, खोल मुळांचं गवत नव्या जोमाने फुटतं. जाड सालीचा बर ओक तगून राहतो. गोऱ्या वसाहतींनंतर आगी थांबल्या आणि उघडे माळ झाडीखाली गेले. प्रेअरीला आग किती गरजेची हे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी इथेच प्रयोगांनी दाखवलं. मार्च-एप्रिलमध्ये आर्बोरेटमकडून धूर दिसला तर घाबरून फोन करू नका. प्रशिक्षित लोक वारा-ओल पाहून नियंत्रित आग लावत असतात.

११. ते उंच, करडे, लाल टाळूचे पक्षी घरामागच्या शेतात दिसतात ते कोण? त्यांना खायला घातलं तर?

सँडहिल क्रेन. जवळजवळ चार फूट उंच, पंखांचा विस्तार सहा फुटांच्या आसपास. मार्चमध्ये बर्फ वितळत असतानाच येतात आणि त्यांची खणखणीत, थरथरती हाक मैलभरावरून ऐकू येते. जोडी दलदलीत घरटं करते आणि पिसांवर चिखल फासून तांबूस होते. आज ते इतके सहज दिसतात की १९३० च्या दशकात राज्यात जेमतेम दोन डझन जोड्या उरल्या होत्या हे खरं वाटत नाही. शिकारीवर बंदी आली, पाणथळ जागा राखल्या गेल्या आणि पक्षी परतले. त्याच दशकात, १९३५ मध्ये, मॅडिसनचे प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी बराबूजवळ एक निकस शेत घेऊन त्यावर कुटुंबासह हजारो झाडं लावली. त्यांची लाकडी झोपडी अजून उभी आहे. नोव्हेंबरमध्ये दक्षिणेला निघण्याआधी त्याच परिसरात विस्कॉन्सिन नदीच्या वाळूच्या पट्ट्यांवर क्रेन संध्याकाळी शेकड्यांनी उतरतात.

बराबूलाच इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे, स्थापना १९७३. जगातल्या पंधराही जातींचे क्रेन एकत्र पाहायला मिळणारी ही जागा. त्यात आपला सारसही आहे, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता गोंदिया आणि त्या बाजूच्या भातखाचरांत, तळ्यांकाठी तग धरून आहे, तोही अगदी थोड्या संख्येने. विदर्भातून आलेल्या आजोबांना इथे घेऊन जा. ही जागा थंडीत बंद असते, त्यामुळे वेळ पाहून निघा.

खायला घालू नका. माणसाला सोकावलेला क्रेन रस्त्यावर येतो, खिडकीच्या काचांवर चोची मारतो आणि पिल्लांसोबत असेल तर अंगावरही येतो. पांढरेशुभ्र, काळ्या पंखटोकांचे क्रेन दिसले तर ते हूपिंग क्रेन, अतिशय दुर्मीळ. २००१ पासून त्यांना नेसीडाच्या अभयारण्यातून छोट्या विमानामागे उडायला शिकवून फ्लोरिडाची वाट दाखवली गेली. त्यांच्यापासून लांबच राहा.

१२. पानांचे रंग नक्की कधी?

मॅडिसनच्या आसपास बहुतेक वर्षी ऑक्टोबरचा मध्य. राज्याच्या उत्तर टोकाला दोन-तीन आठवडे आधी, म्हणून उत्तरेचे फोटो पाहून इथे निघू नका. आधी शुगर मेपल लाल-केशरी होतो, ओक शेवटी तांबूस-तपकिरी. उन्हाचे दिवस आणि गार रात्री आल्या तर रंग चढतात. कोरड्या उन्हाळ्यानंतर फिके पडतात. गर्दी चुकवायची तर आर्बोरेटमचं गॅलिस्टेल वन किंवा ड्रिफ्टलेसमधले गावरस्ते. सगळं संपल्यावर दलदलीतला टॅमरॅक सोनेरी होतो. तो सूचिपर्णी असूनही पानं गाळतो.

१३. उद्यानांत दिसणारी प्राण्यांच्या आकाराची मातीची टेकाडं काय आहेत? त्यांवर चढलं तर चालतं का?

चालत नाही. ती एफिजी माउंड्स, म्हणजे पक्षी, अस्वल, जलदेवता अशा आकारांत रचलेली टेकाडं. बरीचशी साधारण इ. स. ७०० ते ११०० या काळातली, आणि अनेकांत माणसं पुरलेली आहेत. हो-चंक लोकांसाठी ही पूर्वजांची पवित्र स्थळं आहेत. १८३२ च्या तहाने त्यांच्याकडून ही जमीन घेतली गेली, त्यांना वारंवार हाकललं गेलं, तरी ते परत येत राहिले. राज्यात अशी टेकाडं जगात सर्वाधिक आहेत, आणि मेंडोटाच्या उत्तर काठावरच्या एका पक्ष्याचे पंख ६२४ फूट पसरलेले आहेत. वाटेवरून पाहा. मुलांना घसरगुंडी करू देऊ नका.

१४. गोचिडीची भीती वाटते. आणि विषारी झाडं?

भीती नको, सवय लावा. हरणांवरची गोचीड लाइम रोग पसरवते आणि मे ते जुलै तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. लांब पँट, मोजे वर ओढलेले, वाटेच्या मधोमध चालणं आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासणं. चावलेली आढळली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल नक्की सांगा.

झाडांत दोन ओळखा. पॉयझन आयव्ही : तीन-तीन पानांचे गुच्छ, स्पर्शाने खाज आणि फोड. वाइल्ड पार्सनिप : जून-जुलैत रस्त्याकडेला पिवळी छत्रीसारखी फुलं, तिचा रस अंगावर पडून ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं.

१५. गाडी नाही. तरी यातलं काय पाहता येईल?

बरंच. मेमोरियल युनियनच्या टेरेसपासून (प्रश्न ३) तळ्याकाठची पायवाट सरळ पिकनिक पॉइंटला जाते. विद्यापीठाची ८० क्रमांकाची मोफत बसही त्या बाजूला ईगल हाइट्सकडे जाते. आर्बोरेटम, मोनोना आणि ऑलब्रिक बाग सायकलच्या टप्प्यात आहेत. ऑलब्रिकची बाहेरची बाग मोफत आहे. तिच्या काचघरात, थोड्या पैशांत, जानेवारीतही उष्ण कटिबंधातली झाडं आणि ओली ऊब मिळते. लांबची सायकल हवी असेल तर फिचबर्गपासून डॉजव्हिलपर्यंत ४० मैलांची मिलिटरी रिज ट्रेल आहे. जुन्या रेल्वेमार्गावर असल्याने चढ हलका आहे. ती पाणलोटाच्या धारेवरून जाते : उत्तरेकडचं पाणी विस्कॉन्सिन नदीला, दक्षिणेकडचं पेकाटोनिका आणि रॉक नदीला. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या सायकलस्वाराला पास लागतो, पायी चालणाऱ्याला नाही.

१६. कुत्रा नेता येतो का? फुलं, बेरी, मशरूम, दगड घरी आणले तर?

जागेप्रमाणे नियम बदलतात, आणि गोंधळ इथेच होतो. आर्बोरेटममध्ये कुत्र्यांना बंदी आहे आणि काहीही तोडायला-उचलायलाही. पिकनिक पॉइंटला पट्टा बांधलेला कुत्रा चालतो. स्टेट पार्कात स्वतःच्या खाण्यापुरती बेरी, कवचफळं आणि मशरूम घेता येतात. फुलं, रोपं आणि दगड मात्र नाही, डेव्हिल्स लेकचा गुलाबी खडासुद्धा नाही. मशरूम ओळखणारा माणूस सोबत नसेल तर परवानगी असूनही घेऊ नका. इथली काही विषारी मशरूम खाण्याजोग्यांसारखीच दिसतात.

१७. गणपतीचं विसर्जन तळ्यात करता येईल का? मूर्ती शाडूची असेल तर?

नाही, शाडूची असली तरीही नाही. इथली तळी सार्वजनिक पाणी आहेत आणि परवानगीशिवाय त्यांच्या तळाशी काही टाकायला कायद्याने बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गणपती येतात ते दिवस म्हणजे शेवाळाच्या हंगामाचा शेवट (प्रश्न ४), आणि फुलं-पत्री-दूर्वा कुजून तळ्यात आणखी खतच घालतात. घरी मोठ्या बादलीत किंवा टबात विसर्जन करा. शाडू एक-दोन दिवसांत विरघळतो. ते पाणी आणि माती अंगणातल्या झाडांना घाला, निर्माल्य घरच्या कंपोस्टमध्ये जाऊ द्या. काठावर आरती म्हणायची इच्छा असेल तर मूर्ती घेऊन तळ्याकाठी जा, आरती करा आणि मूर्ती परत घरी आणून विसर्जन करा. उद्यानात मोठा जमाव होणार असेल तर शहराच्या उद्यान विभागाकडून आधी परवानगी घ्या. हे सगळं अस्थिविसर्जनाला लागू होत नाही. त्याचे नियम वेगळे आहेत, आणि अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेकडूनच ते लेखी विचारून घ्यावेत.